मिरच्यांचा ठसका

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवीपुढे गाऱ्हाणं घालते तेव्हासुद्धा एवढं एक वगळून बाकी सगळं बोलते — जसं काही तिला ते दिसलंच नव्हतं. तुम्हाला सांगतेय ते एवढ्यासाठी की तुम्ही आमच्या गावचे नाही, उद्या नळावर माझ्यासमोर येणार नाही. आणि खरं सांगू का? तुमच्यावरही माझा पुरता विश्वास आहे असं नाही. पण कुठेतरी बोलायला हवं होतं.

मी संशयी बाई आहे. भाजीवालीने तराजू उचलला की मी भाजी बघत नाही, तिचा अंगठा बघते. कुणी उगाच गोड बोललं की मी आधी विचार करते — याला काय हवंय? आमचे हे धरमतरला बार्जवर कामाला असतात, गेले की दिवसचे दिवस तिकडेच. ते म्हणतात, तू चुकून गणपतीच्या कारखान्यात गेलीस, तू पोलिसात हवी होतीस. पेणच्या कारखान्यात मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. सगळा जन्म डोळे काढण्यात गेला, तेव्हा माणसाच्या नजरेत काय आहे ते मला बरोबर कळतं, अशी माझी घमेंड होती.

या संशयाला सगळ्यात जास्त खुराक मिळायचा तो कबड्डीत. आमचं गाव खाडीकाठचं, मिठागरातलं. पोरं क्रिकेटही खेळतात, पण जीव अडकलाय तो कबड्डीत. लग्न होऊन आले त्या वर्षापासून आमच्या संघाचा एक सामना मी सोडलेला नाही. बाकीच्या बायका शेंगा सोलत बघतात. मी मध्यरेषेच्या समोर, पदर खोचून उभी. आमचा कप्तान उजव्या कोपऱ्यातून घोट्याला हात घालायला जरा लवकर जातो, हे मी त्याला त्याच्या सासऱ्यादेखत सांगितलंय. डाव्या कोपऱ्यातला पकड करताना डोळे मिटतो. आणि पंच? पंचांचं काय बोलायचं! आपल्याविरुद्ध बोट वर करणारा पंच आदल्या दिवशी समोरच्यांकडे जेवलेला असतो, हे माझं ठाम मत.

एकाच माणसाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं, तो म्हणजे निलेश. आमच्या शेजारच्या शेवंताचा मुलगा. आमचा चढाईवाला. काय दम होता पोराचा! मध्यरेषा ओलांडून 'कबड्डी, कबड्डी' सुरू केलं की समोरच्या सातांना घाम फुटायचा, पण याचा श्वास तुटायचा नाही. शांतपणे फिरायचा, कुणाला तरी शिवायचा, आणि परत. सगळ्या मैदानाचे डोळे त्याच्यावर. म्हणून तर त्याची दृष्ट काढायची पद्धत पडली. सामन्याआधी तो माझ्या पुढ्यात बसायचा आणि मी मूठभर खडं मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या त्याच्यावरून उतरवायचे. मग दोन्ही हातांनी त्याचा चेहरा कुरवाळायचे, माझ्या कानशिलांवर बोटं मोडायचे, आणि त्याच्या तोंडावर थू-थू करायचे. असंच करतात आमच्याकडे, तुमच्याकडेही करत असतील. मूठ मग चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नव्हती. आणि ठसका लागलाच नाही, तर समजायचं की मोठी नजर होती आणि ती जळली.

त्याची आई शेजारीच, पण दृष्ट मीच काढायची. माझ्याच हाताची लागते असं सगळे म्हणायचे. हे ऐकायला मला फार आवडायचं — हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ते वर्ष आलं. दुसऱ्या लाटेचं. शिमगा नुकताच झाला होता आणि पुन्हा सगळं बंद होणार अशी बोलवा होती. कबड्डीवर तर आधीपासूनच बंदी. बरोबरच आहे, शिवाशिवीचाच खेळ तो, आणि तोंड उघडं ठेवून दम घ्यायचा. पण पोरं ऐकतात? आणि पोरांचं कशाला, मी ऐकत होते का? गावाबाहेर एक बंद पडलेलं मिठागर आहे, तळ चोपून सपाट झालेला. तिकडे पोलीस फिरकत नाहीत. तिथे सराव सुरू झाला. पडलं की कातडी सोलायची आणि वर खारट जमीन चरचरायची, पण एकही पोरगा हटला नाही. रोह्याकडच्या एका संघाशी गुपचूप सामना ठरला. तिथल्या एका कंपनीचा माणूस तो बघायला येणार होता. निलेशला कंपनीच्या संघात घ्यायचा विचार चालला होता — संघात म्हणजे कंपनीत, कायमचा. एक-दोनदा त्याला रोह्याला बोलावूनही झालं होतं. शेवंता तर देवाला काय काय नवस बोलून बसली होती.

आणि माझ्या डोक्यात किडा. रोह्याशी सामना आणि रोह्याची नोकरी — हा मुद्दाम हरला तर? नाही, निलेश तसा नव्हे. पण माणूस कधी बदलेल सांगता येतं का? सरावाला बांधावर एक माणूस मोटारसायकल लावून उभा असायचा, तोंडाला फडकं बांधलेला. आता त्या वर्षी तोंडाला फडकं कोण बांधत नव्हतं? पण मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवलं, हा रोह्याचा हेर. अर्धा चेहरा झाकलेला असताना!

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी निलेश दारात आला. "नजर काढ गो काकी, अंग जड झाल्यासारखं वाटतंय." सरावाने दमला असेल, दुसरं काय. मी ओट्यावरच त्याची दृष्ट काढली, आत जाऊन मूठ चुलीत टाकली. मिरच्या तडतडल्या. धूर झाला. आणि वास — काहीच नाही. शिंक नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी वाकून बघितलं, मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. एवढी मोठी नजर? बाहेर मात्र निलेश खोकत होता.

मी बाहेर येऊन म्हटलं, "ठसका लागलाच नाय. कुणीतरी वाईट नजर लावलीय तुला."

तो खोकत खोकत हसला. "मला तर लागला की, काकी."

"तो तुझ्या रोह्याचा खोकला," मी म्हटलं.

हे वाक्य मी बोललेय. चेष्टेत बोलले. पण बोलता बोलता मला ते पटलंसुद्धा. हा रोह्याला जाऊन येतो, हा खोकतोय, म्हणजे यानेच काहीतरी आणलंय. घरात जाऊन मी हात साबणाने धुतले. माझे हात, त्याच्यापासून वाचवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेले. आमच्या कारखान्यात आत पाऊल टाकलं की आधी रंगाचा आणि वार्निशचा वास नाकात जातो, नव्या माणसाचं डोकं उठतं. त्या दिवशी वास नव्हता. मला वाटलं, आज वार्निशचं काम नसेल. पण बाजूलाच एक जण मूर्तीला वार्निशचा हात देत होता. मी डबा उचलून नाकाला लावला. काहीच नाही. पाठ ठणकत होती ती रात्रीपासूनच, पण पाठीचं काय, ती नेहमीच ठणकते. आता मात्र मला कळलं. वास जाणं म्हणजे काय हे त्या वर्षी शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मिरच्यांना वास नव्हता असं नाही. नाक माझं गेलं होतं. आणि निलेशला ठसका लागला होता, चारचौघांसारखा, निरोगी माणसाला लागतो तसा.

तुम्ही म्हणाल, मग सांगून मोकळं व्हायचं. कुणाला सांगायचं? कारखाना बंद झाला असता, दाराला बांबू ठोकले असते. हे सगळं खरं आहे. पण हे माझं कारण नव्हतं, आणि आज खोटं बोलायला मी बसलेली नाही.

सामना त्याच दिवशी दुपारी होता. मी अर्धी रजा टाकून निघाले. वाटेत ठरवलं होतं की लांब उभं राहायचं. मिठागराजवळ पोचले तर निलेश वाट बघत खाली बसलेला आणि शेजारची वनिता पदरात मीठ-मिरच्या घेऊन उभी. "तू दिसेनास म्हणून म्हटलं मीच काढते," ती म्हणाली. वनिता! जिला लोण म्हणजे काय ते कळत नाही, ती आमच्या चढाईवाल्याची दृष्ट काढणार. आणि संघ जिंकला तर? उद्यापासून सगळे म्हणणार, वनिताच्या हाताची लागते. आणि हरला तर? माझा हात नव्हता म्हणून हरला. हे मला खरंच वाटत होतं, हसू नका. मी तिच्या पदरातलं मीठ घेतलं.

मला माहीत होतं. काय झालंय मला, ते पूर्ण माहीत होतं. तरी मी त्याच्यासमोर बसले, मूठ उतरवली, तोंडावरचं फडकं खाली ओढलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि त्याच्या तोंडावर थू-थू केलं. तीनदा. त्याने डोळे मिटले होते, लहानपणी मिटायचा तसे. मूठ पोरांनी पेटवलेल्या काटक्यांत टाकली, आणि मी झटकन तिथून बाजूला झाले, कुणी ठसक्याचं विचारायला नको म्हणून.

हे मी केलं. हेच सांगायचं होतं.

आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईला निलेश त्यांच्या अंगणात गेला, दोघांनी कमरेला धरला, तिसऱ्याने पाय धरला, आणि तो सगळ्यांना ओढत, दम न सोडता, सरपटत सरपटत रेषेपर्यंत आला. बोटाने रेषा शिवली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. कंपनीचा माणूस टाळ्या वाजवत होता — तोच मोटारसायकलवाला, फडकं बांधलेला. मी घसा बसेपर्यंत ओरडले. एवढा मोठा दम त्याने परत कधी घेतला नाही.

चार-पाच दिवसांत निलेश पडला. आधी ताप, मग धाप. त्याला ॲम्ब्युलन्समधून नेलं तेव्हा शेवंता मागून धावत होती आणि तिला कुणी हात धरून थांबवतही नव्हतं, कारण हात कोण धरणार? मला काय झालं? काही नाही. थोडी कणकण, आणि मग एका सकाळी चहाचा वास आला. मी बरी झाले, हे बरं होणंही कुणाला कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, कबड्डीच ती, सगळे एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडतात, कुणाकडूनही लागलं असेल. त्याच्या अंगात आदल्या दिवशीच असेल. हे मीही स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. असेलही. पण त्याने काय बदलतं? मला माहीत होतं आणि मी हात पुढे केला.

गाव विचारू लागलं, हे आलं कुठून? प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या घराकडे. मला भीती वाटली की ही नजर फिरत फिरत माझ्या दारावर येणार. मग नळावर मीच म्हटलं, "रोह्याहून घेऊन आलान तो. आदल्या दिवशीच खोकत होता, मी ऐकलंय." साक्षीदार मीच. एवढं बोलायचा अवकाश, गावाला उत्तर मिळालं. शेवंताच्या अंगणावरून कुणी जाईना. तिच्या मिठागरातल्या बायकांनी तिला कामावर येऊ नको म्हणून निरोप धाडला. एका सकाळी ती नळावर हंडा घेऊन आली, तशी रांग मागे सरकली. मीसुद्धा माझा हंडा उचलला आणि सरकले. तिने बाकी कुणाकडे बघितलं नाही, फक्त माझ्याकडे.

"तू पण गो?" ती म्हणाली.

मी तोंडावरचा पदर नीट केला आणि नळाकडे बघत राहिले.

निलेश वाचला. बरेच दिवसांनी परत आला, खांदे आत गेलेले. पुढच्या वर्षी सामने उघड सुरू झाले तेव्हा तो पुन्हा उतरला. त्याची दृष्ट काढायला मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. तो चढाईला जायचा, मध्यरेषा ओलांडायचा, कबड्डी-कबड्डी म्हणत चार पावलं टाकायचा, आणि परत. कुणाला शिवत नाही, बोनस घेत नाही. लोक कुजबुजायला लागले. याचा जीव नाही आता खेळात. का नाही? रोह्याशी सामना होता आणि त्यात आम्ही हरलो, तेव्हा बायकांच्या घोळक्यात कुणीतरी म्हणालं, "विकला गेला काय हा?" आणि मी — जिला ठाऊक होतं की त्याचा दम कुठे गेला — मी म्हटलं, "रोह्याचं पाणी आहे ते." एवढंच. पण माझ्यासारख्या बाईने, जी एक सामना सोडत नाही, जिला कबड्डीतलं कळतं, तिने म्हटल्यावर ते पक्कं झालं.

का म्हटलं? भीतीने, असं आधी वाटायचं. पण त्यात सुटल्याचा आनंदही होता, तो मला आठवतो. तो विकला गेला असेल तर मी काही केलेलंच नव्हतं, नाही का?

कप्तानाने त्याला बाहेर बसवलं. कंपनीच्या लोकांनी रोह्याला बोलावून त्याला पळवून बघितलं, आणि नंतर काही कळवलंच नाही. शेवंता देवाला जे बोलली होती ते तसंच राहिलं. निलेशने मैदान सोडलं, आता तो मिनीडोर रिक्षा चालवतो, पेण ते गडब आणि परत. सामने असतात त्या दिवसांत तो लांबची भाडी घेतो. मी मात्र जाते. मध्यरेषेच्या समोर उभी राहते. पंचांवर ओरडते.

निलेशचं लग्न झालं, पुढे मुलगी झाली. चार दिवसांपूर्वी तो माझ्या दारात आला, मुलीला कडेवर घेऊन. जेवत नाही, रडते, म्हणाला. "तिची नजर काढ गो काकी. तुझ्याच हाताची लागते."

हा का आलाय? मला बघायला आलाय? याला माहीत आहे? मी त्याच्या डोळ्यांत शोधलं, आणि मला काही सापडलं नाही. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी मुलीवरून मूठ उतरवली. तिच्या चेहऱ्याला हात लावला नाही, थू-थू केलं नाही. निलेशने ते बघितलं.

आत जाऊन मूठ चुलीत टाकली. मिरच्या तडतडल्या आणि असा ठसका उठला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, शिंकांवर शिंका आल्या, खोकून खोकून मी दाराला धरून उभी राहिले. बाहेर निलेशही खोकत होता. माझा खोकला थांबला. त्याचा थांबेना. खोल, कोरडा, मध्येच श्वास अडकवणारा. जरा उसंत मिळाली तसा तो ओट्यावरून, पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाला,

"आज तुला पण लागला, काकी."

आवाजात राग नव्हता. मी शोधला, मी असल्या गोष्टी शोधण्यात तरबेज आहे. नव्हता. आणि मग त्याला पुन्हा उबळ आली. तो ओट्याची कड धरून वाकला. मुलगी खाली उतरली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि त्याची पाठ चोळू लागली. वरून खाली, सावकाश, रोजचं काम असल्यासारखी. तिचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता.

मी तांब्याभर पाणी आणून ओट्यावर ठेवलं. त्याने ते आधी मुलीला पाजलं, मग स्वतः प्यायला.